यकृताच्या कर्करोगाची चाहूल रक्तातून लागेल का? मायक्रोआरएनए नेमकं काय सांगतात?

यकृताच्या आतल्या भागात दुखणं जाणवत नाही. गाठ मोठी होऊन यकृताच्या बाहेरच्या आवरणावर ताण आला, की मगच उजव्या बरगडीखाली दुखायला लागतं. त्याआधी भूक मंदावते, वजन घटतं, थकवा येतो. पण अशा तक्रारी घेऊन आलेल्या माणसाला कर्करोग असेल, अशी शंका सहसा कुणाला येत नाही. त्यामुळे यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा उशिराच कळतो.

उशिरा कळण्याची किंमत आकड्यांत दिसते. ग्लोबोकॅनच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ७ लाख ५८ हजार लोकांचा या आजाराने मृत्यू झाला. रुग्णसंख्येच्या यादीत हा कर्करोग सहावा आहे, पण मृत्यूंच्या यादीत तिसरा.

हाच कर्करोग गाठ लहान असताना सापडला, तर चित्र बदलतं. शस्त्रक्रियेने गाठ काढता येते, सुईतून उष्णता देऊन ती जाळता येते किंवा यकृत प्रत्यारोपण करता येतं. म्हणून गेली अनेक वर्षं शास्त्रज्ञ रक्तात अशा खुणेच्या शोधात आहेत, जी गाठ वाढण्याआधी सूचना देईल. या शोधात सर्वाधिक चर्चा झालेल्या खुणांपैकी एक म्हणजे मायक्रोआरएनए. २०२४ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल याच रेणूंच्या शोधासाठी दिलं गेलं.

त्यानंतर 'रक्ताच्या एका थेंबात कर्करोगाचं निदान' अशा मथळ्यांना पुन्हा जोर आला. पण हे रेणू कर्करोगात काय करतात, हे कळणं वेगळं आणि त्यांच्यावरून एखाद्या माणसाला कर्करोग आहे की नाही, हे सांगता येणं वेगळं. या दोन गोष्टींमधलं अंतर नेमकं किती आहे, ते समजून घेऊ.

मायक्रोआरएनए म्हणजे काय?

आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत डीएनए असतो. त्याला तलाठ्याचं दप्तर समजा. मूळ नोंदी दप्तरातच राहतात. काम करायचं असेल, तर हव्या त्या नोंदीचा उतारा काढावा लागतो. पेशीतला हा उतारा म्हणजे मेसेंजर आरएनए. तो पेशीच्या केंद्रकातून बाहेर येतो आणि त्याच्या आधारे प्रथिन तयार होतं. पेशीतली बहुतेक कामं ही प्रथिनंच करतात.

मायक्रोआरएनए हा उतारा रोखणारा कारकून आहे. त्याची लांबी फक्त २२ अक्षरांच्या आसपास असते. मेसेंजर आरएनए मात्र हजारो अक्षरांचा असू शकतो. मायक्रोआरएनए आधी लांब धाग्याच्या रूपात तयार होतो. मग ड्रोशा आणि डायसर नावाची दोन विकरं त्याला कापून छोटा करतात. शेवटी तो आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात जाऊन बसतो. ही जोडी पेशीत फिरते आणि जुळणारी अक्षरं असलेला मेसेंजर आरएनए दिसला, की त्याला चिकटते. त्यानंतर तो उतारा एकतर नष्ट होतो किंवा त्यावरून प्रथिन तयार होणं थांबतं. दप्तरातली मूळ नोंद जशीच्या तशी राहते, पण उताऱ्यावर 'रद्द'चा शिक्का बसतो.

चिकटण्यासाठी सगळी २२ अक्षरं जुळावी लागत नाहीत. सुरुवातीची सहा-सात जुळली, तरी बऱ्याचदा पुरतं. म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो वेगवेगळ्या उताऱ्यांवर परिणाम करू शकतो आणि एकाच उताऱ्यावर अनेक मायक्रोआरएनए शिक्के मारू शकतात. परिणामही बहुतेक वेळा दिव्याच्या बटणासारखा चालू-बंद नसतो. पंख्याच्या रेग्युलेटरसारखा तो प्रथिनाचं प्रमाण थोडं कमी, थोडं जास्त करतो.

शोध कसा लागला?

अमेरिकेतले शास्त्रज्ञ व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन हे सी. एलिगन्स या जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवर काम करत होते. लिन-४ नावाच्या जनुकात बिघाड झाला, की या कृमीची वाढ विस्कटते, हे माहीत होतं. पण अॅम्ब्रोस यांच्या प्रयोगशाळेला आढळलं, की हे जनुक कोणतंही प्रथिन बनवत नाही. त्यापासून फक्त एक चिमुकला आरएनए तयार होतो. हा आरएनए लिन-१४ या दुसऱ्या जनुकाच्या उताऱ्यावर जुळतो, हे दोघांनी आपापल्या माहितीची सांगड घालून दाखवलं. १९९३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं.

तेव्हा त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कृमीपुरती मर्यादित अशी ही विचित्र गोष्ट असावी, असं मानलं गेलं. २००० मध्ये रुव्हकुन यांच्या गटाने लेट-७ हा दुसरा मायक्रोआरएनए शोधला. तो माणसासह अनेक प्राण्यांमध्ये असल्याचं दिसलं आणि मग मात्र शोधांची रांग लागली. आज माणसात एक हजाराहून अधिक मायक्रोआरएनए माहीत आहेत. त्यांना क्रमांक दिले जातात. उदाहरणार्थ, मिर-२१, मिर-१२२, मिर-२२१.

यकृतात मिर-१२२ इतका महत्त्वाचा का?

प्रत्येक अवयवात मायक्रोआरएनएचं मिश्रण वेगळं असतं. यकृतात मात्र एकाचंच राज्य आहे. यकृतातल्या एकूण मायक्रोआरएनएपैकी सुमारे ७० टक्के वाटा एकट्या मिर-१२२ चा असतो. एका यकृतपेशीत त्याच्या साधारण ६६ हजार प्रती असल्याचं मोजलं गेलं आहे. इतर अवयवांत तो जवळपास नसतोच.

चरबी आणि कोलेस्टेरॉलची देवघेव सांभाळणं आणि यकृतपेशीला तिच्या ठरलेल्या कामात गुंतवून ठेवणं, या दोन्हींत मिर-१२२ चा हात असतो. तो काढून टाकला तर काय होतं? २०१२ मध्ये अमेरिका आणि तैवानमधल्या दोन गटांनी याचं उत्तर दिलं. त्यांनी मिर-१२२ नसलेले उंदीर तयार केले. या उंदरांच्या यकृतात आधी चरबी साठली, मग दाह सुरू झाला, पुढे यकृतात तंतू वाढले आणि अखेर कर्करोगाच्या गाठी आल्या. नर उंदरांमध्ये हे प्रमाण अधिक होतं. माणसातही हा कर्करोग स्त्रियांपेक्षा पुरुषांमध्ये जास्त आढळतो.

एक मायक्रोआरएनए गेल्यामुळे चरबीपासून कर्करोगापर्यंतचा सगळा प्रवास घडू शकतो, हे या प्रयोगाने दाखवलं. अमेरिकी गटाने उलट दिशेनेही तपासलं. यकृतात गाठी होणाऱ्या उंदरांना मिर-१२२ बाहेरून दिला, तेव्हा गाठींची वाढ बरीच रोखली गेली.

कर्करोग होताना नेमकं काय बिघडतं?

यकृताचा कर्करोग एका रात्रीत होत नाही. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, लठ्ठपणा आणि मधुमेहासोबत येणारं फॅटी लिव्हर अशा कारणांनी यकृताला वर्षानुवर्षं इजा होत राहते. पेशी मरतात, नव्या तयार होतात, जखमेच्या व्रणासारखे तंतू साठत जातात. या अवस्थेला सिरॉसिस म्हणतात. बहुतेक रुग्णांत कर्करोग याच जमिनीवर उगवतो. या प्रवासात मायक्रोआरएनएचा तोल दोन बाजूंनी ढळतो.

पहिली बाजू म्हणजे रखवालदार कमी होणं. अनेक रुग्णांच्या गाठींमध्ये मिर-१२२ घटलेला आढळतो. मिर-२६ चंही तसंच आहे. २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ४५५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गाठीत मिर-२६ कमी होता, ते रुग्ण तुलनेने कमी काळ जगले. मात्र इंटरफेरॉन या औषधाचा फायदा त्यांनाच अधिक झाला. म्हणजे मायक्रोआरएनएच्या मोजमापावरून आजाराचा पुढचा प्रवास आणि उपचारांना मिळणारा प्रतिसाद यांचाही अंदाज येऊ शकतो, अशी आशा निर्माण झाली.

दुसरी बाजू म्हणजे ब्रेक काढणारे वाढणं. पेशीची वाढ आवरणारी काही प्रथिनं असतात. पीटेन हे त्यातलं एक. मिर-२१ वाढला, की तो पीटेनच्या उताऱ्यावर शिक्का मारतो आणि ब्रेक ढिला पडतो. मिर-२२१ हा पी-२७ आणि पी-५७ या प्रथिनांना दाबतो. पेशीने विभाजन कधी थांबवायचं, हे ठरवण्यात या दोघांचा वाटा असतो. यकृताच्या कर्करोगात मिर-२१ आणि मिर-२२१ वाढल्याचं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे.

हा तोल ढळण्याची कारणं अनेक आहेत. कधी मायक्रोआरएनए बनवणारा डीएनएचा तुकडाच गळतो. कधी त्यावर रासायनिक खुणा बसून तो गप्प होतो. तर कधी मिकसारखं, कर्करोगाला खतपाणी घालणारं जनुक जोर धरतं आणि रखवालदार मायक्रोआरएनएना दाबून टाकतं.

विषाणूचा मित्र की यकृताचा?

मिर-१२२ ची गोष्ट इथे एक वळण घेते. यकृताला जपणारा हा रेणू हिपॅटायटिस सी या विषाणूलाही हवा असतो.

२००५ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या कॅथरीन जॉपलिंग, पीटर सार्नो आणि सहकाऱ्यांनी हे उघड केलं. हिपॅटायटिस सीचा जनुकीय धागा आरएनएचाच असतो. त्याच्या सुरुवातीच्या टोकाला मिर-१२२ येऊन चिकटतो. पण इथे तो शिक्का मारत नाही, उलट विषाणूच्या धाग्याला संरक्षण मिळतं आणि विषाणू वाढतो. हा विषाणू यकृतातच का ठाण मांडतो, याचं एक कारण त्यातून समजलं. पुढच्या संशोधनात असंही दिसलं, की विषाणूचे धागे मिर-१२२ ला स्पंजासारखे शोषून घेतात. मग त्याच्या नेहमीच्या कामासाठी तो कमी पडतो.

यावरून औषधाची कल्पना पुढे आली. मिर-१२२ ला अडकवून ठेवणारं मिरॅव्हिरसेन नावाचं औषध डेन्मार्कच्या सँटारिस कंपनीने तयार केलं. २०१३ मध्ये ३६ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले. औषधाचा डोस वाढेल तसं रक्तातलं विषाणूचं प्रमाण घटत गेलं. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मंजुरी मिळाली. अशा गोळ्यांच्या साधारण १२ आठवड्यांच्या उपचाराने हिपॅटायटिस सी बहुतेकांत पूर्ण बरा होऊ लागला आणि मिरॅव्हिरसेन मागे पडलं. ज्या रेणूच्या अभावी उंदरांना कर्करोग होतो, तो माणसात दीर्घकाळ अडवून ठेवणं कितपत सुरक्षित, हा प्रश्नही सोबत होताच.

सध्याच्या तपासण्यांत काय कमी आहे?

सिरॉसिस असलेल्यांना आणि हिपॅटायटिस बीच्या जास्त धोका असलेल्या रुग्णांना दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करायला सांगितलं जातं. सोबत रक्तातलं अल्फा-फीटोप्रोटीन म्हणजे एएफपी तपासलं जातं. संशय आला, तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय होतो. सिरॉसिसच्या रुग्णात स्कॅनमधलं चित्र पुरेसं स्पष्ट असेल, तर अनेकदा बायोप्सीचीही गरज लागत नाही.

अडचण पहिल्याच पायरीवर आहे. सिरॉसिसमुळे यकृत खडबडीत, गाठीगाठींचं झालेलं असतं. त्यात दोन सेंटिमीटरची नवी गाठ ओळखणं कठीण. रुग्ण लठ्ठ असेल तर आणखी कठीण. एएफपी अनेक लहान गाठींमध्ये वाढतच नाही आणि कर्करोग नसताना नुसत्या हिपॅटायटिसमध्येही वाढू शकतं. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात दिसलं, की सिरॉसिसच्या रुग्णांतले प्राथमिक अवस्थेतले १०० कर्करोग घेतले, तर एकटी सोनोग्राफी त्यातले सुमारे ४५ पकडते. एएफपीची जोड दिल्यावर हा आकडा ६३ पर्यंत जातो. उरलेले ३७ निसटतात.

ही फट मायक्रोआरएनएने भरता येईल का, हा खरा प्रश्न आहे.

पेशीतला रेणू रक्तात कसा येतो?

आरएनए हा नाजूक रेणू मानला जातो. रक्तात त्याचे तुकडे करणारी विकरं भरपूर असतात. तरीही मायक्रोआरएनए रक्तात टिकून राहतात, हे २००८ मध्ये स्पष्ट झालं. काही मायक्रोआरएनए पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्यांमध्ये असतात, तर बरेचसे आर्गोनॉटसारख्या प्रथिनांना बिलगून असतात. त्यामुळे ते वाचतात. पीसीआर तंत्राने त्यांचं प्रमाण मोजता येतं. करोनाकाळात घराघरांत पोहोचलेलं हेच ते तंत्र.

पण रक्तातलं प्रमाण आणि गाठीतलं प्रमाण सारखंच असेल, असं नाही. मिर-१२२ चंच पाहा. अनेक गाठींमध्ये तो घटलेला असतो, पण बऱ्याच अभ्यासांत रुग्णांच्या रक्तात मात्र तो वाढलेला दिसतो. हे कोडं वाटतं, पण कारण साधं आहे. यकृतपेशींना इजा झाली, की त्यातला साठा फुटून रक्तात येतो. म्हणून पॅरासिटामॉलच्या अतिसेवनाने यकृताला इजा झाली, तरी रक्तातला मिर-१२२ वाढतो. हिपॅटायटिसमध्येही वाढतो. म्हणजे 'यकृताला काहीतरी होतंय' हे तो चांगलं सांगतो, पण 'कर्करोग होतोय' हे एकटा सांगू शकत नाही.

आतापर्यंतच्या चाचण्यांचे निकाल काय सांगतात?

एकटा रेणू पुरेसा नाही म्हटल्यावर संशोधकांनी अनेक रेणूंचे गट तयार केले. यातले दोन अभ्यास महत्त्वाचे मानले जातात. दोन्ही चीनमधले आहेत. हिपॅटायटिस बीचं प्रमाण मोठं असल्याने यकृताच्या कर्करोगाचा सर्वाधिक भार याच देशावर आहे.

पहिला अभ्यास शांघायचा, २०११ मधला. त्यात ९३४ जणांचं रक्त तपासून सात मायक्रोआरएनएंचा गट ठरवण्यात आला. त्याची अचूकता ०.८८८ आली. याचा सोपा अर्थ असा, की चिठ्ठ्या टाकून एक कर्करोगाचा रुग्ण आणि एक कर्करोग नसलेली व्यक्ती अशा जोड्या निवडल्या, तर १०० पैकी सुमारे ८९ जोड्यांमध्ये चाचणी कर्करोगाच्या रुग्णाला जास्त गुण देईल. याच कामातून पुढे तयार झालेल्या किटला चीनच्या औषध नियामकाने २०१७ मध्ये मंजुरी दिली.

दुसरा अभ्यास २०१५ मध्ये 'लॅन्सेट ऑन्कॉलॉजी'त आला. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे त्यात कर्करोगाचं निदान होण्याआधी घेऊन ठेवलेले रक्ताचे नमुनेही तपासले गेले. असे २७ रुग्ण होते. निदानाच्या १२ महिने आधीच्या नमुन्यांत मायक्रोआरएनए चाचणीने ८ जण ओळखले, तर एएफपीने २. सहा महिने आधीच्या नमुन्यांत हे आकडे १३ आणि ५ होते. एखाद्या रुग्णासाठी सहा महिने आधी कळणं म्हणजे शस्त्रक्रिया शक्य असणं आणि नसणं, एवढा फरक पडू शकतो. पण दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. वर्षभर आधी २७ पैकी १९ जण या चाचणीतूनही निसटले होते आणि २७ हा आकडाही लहानच आहे.

मग ही चाचणी आपल्याकडच्या रुग्णालयांत का नाही?

पहिलं कारण या दोन अभ्यासांतच आहे. दोन्ही गटांत प्रत्येकी सात मायक्रोआरएनए आहेत, पण सामाईक फक्त एक आहे, मिर-१९२. आजार एकच, देश एकच, तरी याद्या वेगळ्या. त्यातही शांघायच्या यादीतला मिर-८०१ हा खरं तर मायक्रोआरएनए नसून दुसऱ्याच एका आरएनएचा तुकडा असल्याचं पुढे मानलं गेलं आणि मायक्रोआरएनएच्या आंतरराष्ट्रीय यादीतून त्याला वगळण्यात आलं. मोजलेली खूण उपयोगी असू शकते, पण ती नेमकी कशाची आहे, याबद्दल सावध राहावं लागतं, हे त्यातून दिसतं.

दुसरं कारण रक्त घेण्यापासून सुरू होतं. लाल रक्तपेशींमध्ये मिर-१६ आणि मिर-४५१ सारखे मायक्रोआरएनए मोठ्या प्रमाणात असतात. रक्त काढताना किंवा वाहून नेताना थोड्या पेशी जरी फुटल्या, तरी आकडे बदलतात. नमुना किती वेळ ठेवला, सीरम घेतलं की प्लाझ्मा, तुलनेसाठी कोणता रेणू प्रमाण मानला, यानेही निकाल हलतो. रक्तातल्या साखरेसाठी जसं एक सर्वमान्य मोजमाप आहे, तसं इथे अजून नाही.

तिसरं कारण रुग्णांमधल्या फरकाचं. हिपॅटायटिस बीच्या रुग्णांवर ठरवलेला गट दारूमुळे किंवा फॅटी लिव्हरमुळे सिरॉसिस झालेल्यांत तसाच चालेल, याची खात्री देता येत नाही.

चौथं कारण गणिताचं आहे. समजा, सिरॉसिसच्या १,००० रुग्णांपैकी २० जणांना कर्करोग आहे. एक चाचणी कर्करोग असलेल्या १०० पैकी ७५ जणांना पकडते आणि नसलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर 'नाही' म्हणते. ऐकायला हे उत्तम वाटतं. पण हिशेब केला, तर २० पैकी १५ रुग्ण सापडतील आणि उरलेल्या ९८० पैकी ९८ जणांना कर्करोग नसतानाही 'पॉझिटिव्ह' सांगितलं जाईल. म्हणजे अहवाल पॉझिटिव्ह आलेल्या ११३ जणांपैकी ९८ जणांचा धसका निराधार असेल. जास्त धोका असलेल्या गटात ही स्थिती. कोणताही धोका नसलेल्या सर्वसामान्य लोकांची सरसकट तपासणी केली, तर खोट्या धोक्याच्या घंटा कितीतरी पटींनी वाढतील.

म्हणूनच अमेरिका आणि युरोपमधल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये नियमित तपासणीसाठी मायक्रोआरएनए चाचणीची शिफारस नाही.

औषध म्हणून वापर झाला का?

कमी झालेला रखवालदार बाहेरून दिला तर? उंदरांमध्ये हे जमलं होतं. माणसातला पहिला मोठा प्रयत्न मिर-३४ए या मायक्रोआरएनएचा होता. पेशीतलं पी-५३ हे प्रथिन डीएनएला इजा झाल्यावर पेशीची वाढ थांबवतं आणि त्यासाठी ते ज्या रेणूंना कामाला लावतं, त्यात मिर-३४ए असतो. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या मिरना थेरप्युटिक्स या कंपनीने तो चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांमध्ये भरून एमआरएक्स-३४ हे औषध तयार केलं. २०१३ मध्ये यकृताच्या कर्करोगासह इतर कर्करोगांच्या रुग्णांवर चाचणी सुरू झाली.

एकूण ८५ रुग्णांना औषध दिलं गेलं. काही जणांच्या गाठी आकसल्या. पण काहींच्या प्रतिकारशक्तीने तीव्र प्रतिक्रिया दिली आणि त्यातून चार रुग्णांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. शेकडो उताऱ्यांवर शिक्के मारणारा रेणू शरीरभर सोडला, तर तो फक्त गाठीतच काम करेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही, हा धडा त्यातून मिळाला. मिर-३४ए गाठीपर्यंतच पोहोचवण्याच्या नव्या पद्धतींवर आता प्रयोगशाळांमध्ये काम सुरू आहे.

तोपर्यंत काय करता येईल?

मायक्रोआरएनएची चाचणी येईल तेव्हा येईल. पण यकृताच्या कर्करोगाचा मोठा भाग आजच टाळता येण्यासारखा आहे.

• हिपॅटायटिस बीची लस: तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली. त्यानंतर ६ ते १४ वर्षं वयाच्या मुलांमधलं यकृताच्या कर्करोगाचं प्रमाण दर लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आलं. भारतात २०११ पासून ही लस देशभरातल्या सार्वत्रिक लसीकरणात आहे. पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत आणि पुढचे ६, १० आणि १४ आठवड्यांना पेंटाव्हॅलेंट लसीतून दिले जातात.

• एकदा तपासणी: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाख लोकांना हिपॅटायटिस सी होता. यातल्या अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. कुटुंबात कुणाला हिपॅटायटिस बी असेल किंवा पूर्वी रक्त चढवलं असेल, तर ही तपासणी टाळू नये.

• फॅटी लिव्हरकडे लक्ष: सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर' हे शब्द बरेच जण वाचून सोडून देतात. वजन, साखर आणि दारू या तीन गोष्टींवर ताबा ठेवला, तर सिरॉसिसपर्यंतचा प्रवास रोखता येतो. २०२१ मध्ये केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला.

• बुरशी लागलेलं धान्य नको: दमट जागी ठेवलेल्या शेंगदाणा आणि मक्याला लागणाऱ्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. ते पी-५३ च्या जनुकातच बिघाड करू शकतं. हिपॅटायटिस बीसोबत ते अधिकच घातक ठरतं. काळे पडलेले, खवट दाणे फेकून द्यावेत. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही.

• सिरॉसिस असेल तर सहा महिन्यांची तारीख चुकवू नये: बरं वाटत असलं, तरी सोनोग्राफी आणि एएफपी करून घ्यावं.

एखाद्या जाहिरातीत रक्ताच्या थेंबातून सगळे कर्करोग ओळखण्याचा दावा दिसला, तर दोन प्रश्न जरूर विचारावेत. ही चाचणी कोणत्या रुग्णांवर पारखली गेली? आणि कर्करोग नसलेल्या किती जणांना तिने चुकून पॉझिटिव्ह ठरवलं? या प्रश्नांची आकड्यांत उत्तरं मिळत नसतील, तर पैसे खर्च करण्याआधी यकृतविकार तज्ज्ञांशी बोलावं.

एका कृमीत सापडलेला २२ अक्षरांचा रेणू नोबेलपर्यंत पोहोचायला ३१ वर्षं लागली. यकृताचा कर्करोग कसा घडतो, याची बरीच उकल या रेणूंनी केली आहे. निदानाच्या टेबलावर मात्र त्यांची परीक्षा अजून सुरू आहे. तोवर सिरॉसिसच्या रुग्णाचा भरवसा त्याच जुन्या, सहा महिन्यांनी येणाऱ्या तारखेवर आहे.